सोडते हं

भोपाळला थंडी सुरू झाली की तळ्यातले शिंगाडे दारावर येतात. ओले, हिरवे, दोन्ही बाजूंनी काटे असलेले. यंदाही शिवाजी नगरच्या आमच्या दारात बाईने टोपली उतरवली, "ले लो अम्मा, ताल के हैं" म्हणाली, मी घेतले, आणि सोलता सोलता काटा बोटात शिरला तसा मला राग आला. काट्याचा नव्हे. हा राग जुना आहे, छप्पन सालच्या थंडीतला. दर वर्षी शिंगाड्यांबरोबर येतो, दोनेक महिने घरात वावरतो, आणि संक्रांतीचे तीळ भाजायला घेतले की निघून जातो. घरच्यांना त्याची सवय आहे. यंदा मात्र तो जाईलसं वाटत नाही, कारण यंदा कुसुम नाही. कुसुम माझी धाकटी बहीण. श्रावणात गेली.

त्यात परवाचं ते नेहरू नगरचं. माझ्या मुलाची पुण्याहून पुन्हा इकडे बदली झाली, आणि तेव्हापासून माझी पाच वर्षांची नात, ओवी, कोणाचा ना कोणाचा पदर धरून असते. कोणाचा म्हणजे माझाच, तिची आई साडी कुठे नेसते. शाळेच्या फाटकाशी गेली की ओकते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिला नेहरू नगरात, औषधांच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये नेतो. तिथे गाद्या आहेत, टांगलेला झोका आहे, जमिनीपासून वीतभर उंच फळी आहे. मुलांना चालवतात, लोळवतात, झोके देतात, आणि अंगातली भीती अंगाकडूनच काढून घेतात. याला थेरपी म्हणतात. चांगली गोष्ट आहे, माझी काही तक्रार नाही. ते चालवणारी शिवानी म्हणून मुलगी आहे, तीही गुणाची. पण परवा ओवी माझ्याकडे पाठ करून फळीवर चढली, आणि शिवानी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आंटी, अभी देख नहीं रही है. आप चुपचाप निकल लीजिए."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नहीं निकलूँगी," मी म्हटलं आणि बाकावर घट्ट बसून राहिले. बिचारी गोंधळली. तिला काय सांगणार होते मी? हेच वाक्य मी नागपूर स्टेशनवर ऐकलं होतं, मराठीत, आणि ते म्हणणारी माझी आई होती.

त्या वर्षी राज्यं मोडली आणि नवी झाली. नागपूरची राजधानी गेली, सचिवालय उठून भोपाळला निघालं, आणि सचिवालयात कारकून असलेले आमचे बाबा त्याच्याबरोबर. आमचे सगळे नातेवाईक एका राज्यात आणि आम्ही चौघं दुसऱ्यात. घरात नकाशे पसरून माणसं तावातावाने बोलायची, कोणता जिल्हा कुठे गेला, कोणी कोणाला फसवलं. बाबा ऑफिसातून थकून यायचे. फायली बांधायच्या, पेट्यांत भरायच्या, प्रत्येक पेटीवर कुठून कुठे ते लिहायचं. फायलींनासुद्धा त्या कुठे चालल्यात ते पेटीवर लिहून दिलं होतं. सहा वर्षांच्या कुसुमला मात्र कोणी काही सांगितलं नाही.

गोदाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, ती आमच्याकडेच असायची. कुसुम तिच्याजवळ निजायची, तिच्या हातचं जेवायची, तिच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायची. भोपाळला एकच खोली मिळणार होती, म्हणून आत्याने अमरावतीला काकांकडे राहायचं ठरलं. ठरलं ते सगळ्यांचं, कुसुमखेरीज. आत्या गाडीत आमच्याबरोबर चढली, कुसुमला मांडीवर घेऊन बसली. कुसुम खिडकीतून हमाल बघत होती. बाबांनी घड्याळ पाहिलं. आई हळूच म्हणाली, "वन्सं, आता बघत नाहीये ती. निघा." आत्याने तिला अलगद बाकावर ठेवलं, पितळेचा तांब्या उचलला, "पाणी घेऊन आलेच हं" म्हणाली आणि उतरली. मी दहा वर्षांची होते. मला सगळं ठाऊक होतं. मीही गप्प बसले.

आपल्याकडे ही पद्धतच आहे. मूल खेळतंय ना, मग निघा. चिमणी दाखवा आणि निघा. रडणं आपल्याला ऐकवत नाही, म्हणून आपण मुलाची नजर चुकवतो, आणि वर कौतुकाने सांगतो की कसं शहाण्यासारखं राहिलं. शहाणं कसलं डोंबलाचं. कुसुम बैतूल येईपर्यंत डब्याच्या दाराकडे बघत बसली होती. रडली नाही, बोलली नाही, खाल्लं नाही. आई म्हणाली, बघा, उगीच घाबरत होतो आपण. बैतूल मागे पडलं आणि कुसुमने माझा डावा हात धरला.

तो हात तिने सोडलाच नाही. ही म्हणायची गोष्ट नाही, खरंच सोडला नाही. जेवताना धरायची, निजताना धरायची. मी एका हाताने दात घासले, एका हाताने दप्तर भरलं. वेणी घालायला आई बसली की ती माझा फ्रॉक मुठीत पकडायची. कुठे जायची सोयच नाही, अगदी मोरीच्या दाराशीसुद्धा फटीतून बोटं. नव्या राजधानीत तेव्हा जिकडेतिकडे खणलेलं होतं, चुन्याचे ढीग, काळ्या दगडांचे ढीग, अर्धे बांधलेले क्वार्टर, आणि त्या सगळ्यातून मी माझ्या हाताला लटकलेल्या मुलीला ओढत हिंडत होते. आजूबाजूच्या बायका तिला भित्री भागूबाई म्हणायच्या. बाबा रोज म्हणायचे, "घाबरायचं नाही हं, कुसुम." इतक्या वेळा म्हणायचे की न घाबरलेला माणूसही विचारात पडला असता. आणि मला, खरं सांगते, तिचा संताप यायचा. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते.

शाळेत ती माझ्याच वर्गात बसायची, पाचवीत, माझ्या बाकावर. मोठ्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पंधरा दिवस चालवून घेतलं, मग बाबांना बोलावून सांगितलं, संक्रांतीपर्यंत ही मुलगी आपल्या वर्गात एकटी बसली तर ठीक, नाहीतर नाव काढू. बाबा घरी येऊन म्हणाले, "मग काय, घरी बसवू तिला." किती सहज म्हणाले. त्या काळी घरी बसलेल्या मुली पुन्हा उठायच्या नाहीत. मला ते तेव्हाही कळत होतं, कारण आमच्या चाळीत अशा दोघी होत्या, आणि त्या दोघी दिवसभर आमच्याकडे खिडकीतून बघायच्या.

दुबे बहनजी आमच्या व्यायामाच्या. जबलपूरच्या, त्यांनाही असंच उचलून इथे आणून टाकलेलं. पांढरी साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मैदानावर चुन्याची रेघ मारली आणि कुसुमला म्हणाल्या, यावरून एकटी चालून दाखव. कुसुम मला चिकटली. बहनजी म्हणाल्या, "चेष्टा करो, बेटी." मग मुलींकडे वळून, "सब मिलकर बोलो." आणि पन्नास मुली टाळ्या वाजवत ओरडायला लागल्या, चेष्टा करो, चेष्टा करो.

नागपूरच्या बाजारातली हिंदी आम्हाला येत होती. पण त्या हिंदीत लोक कोशिश करायचे, चेष्टा नाही. आम्हाला चेष्टा एकच ठाऊक होती, मराठीतली. एक शिकलेली बाई भर मैदानात पन्नास मुलींना सांगतेय की हिची टर उडवा. मी कुसुमला ओढत घरी आणलं आणि रडत आईला सांगितलं. आईने गॅस नव्हे, शेगडी होती तेव्हा, ती तशीच धगधगती ठेवली, पदर खोचला, आणि आम्हा दोघींना घेऊन शाळेत उभी राहिली.

"आप मेरे बच्ची की चेष्टा कायको करवाते?" आई म्हणाली.

"चेष्टा तो करनी ही पड़ेगी," बहनजी शांतपणे म्हणाल्या. "रोज़ करनी पड़ेगी."

"रोज? सगळ्यांच्या समोर?"

"सबके सामने करेगी तभी तो डर जाएगा."

आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ती हात उचलते. बहनजींना तेव्हा काहीतरी कळलं असावं. त्यांनी आईला सोडून कुसुमपुढे बैठक मारली, जमिनीवर, आणि विचारलं, "बेटी, तुम्हारे यहाँ चेष्टा माने क्या?"

भोपाळात आल्यापासून कुसुम बाहेरच्या कोणाशी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. तिने माझा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवला, उजव्या हाताचा अंगठा नाकाला लावून बोटं नाचवली, आणि जीभ काढून दाखवली, बहनजींच्या तोंडासमोर. बहनजी हसता हसता मातीत कलंडल्या. मग एकदम हसू थांबलं. त्यांनी स्वतःचे दोन्ही कान धरले. "माफ़ करना, बेटी. हमारे यहाँ चेष्टा माने कोशिश." मग म्हणाल्या, "और संस्कृत में चेष्टा माने हाथ-पैर हिलाना. हम वही करेंगे."

त्यांनी आईला विचारलं, ही कधीपासून अशी. आईने आधी सांगितलं की जन्मापासूनच भित्री आहे. मग काय वाटलं कोण जाणे, मोडक्यातोडक्या हिंदीत स्टेशनवरचं सगळं सांगितलं, तांब्यासकट. बहनजी म्हणाल्या, "तो यह डरपोक नहीं है. यह तो पहरा दे रही है." आई तिथेच रडली. मला तिच्या रडण्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. हाताऐवजी आधी एक रुमाल, एक टोक माझ्याकडे, एक कुसुमकडे. तसं दोघींनी पाय आपटत रेघेवरून चालायचं. चार दिवसांनी रुमालाऐवजी बहनजींची शाल, मग उड्या मारायची दोरी, मग कपडे वाळत घालायची लांब दोरी. ती चालत पुढे जायची, मी उभी. रोज दोन पावलं लांब. नियम एकच. ज्याला सोडायचं असेल त्याने आधी सांगायचं. "बताए बिना कोई नहीं छोड़ेगा," बहनजी म्हणायच्या. आम्ही दोघी घरी तेच मराठीत म्हणायचो, सोडते हं. घरात प्रयत्न हा शब्दच संपला. बाबा चष्मा शोधताना म्हणायचे, चेष्टा करतोय.

हे असं छान चाललं होतं, आणि मी ते मोडलं. वर्गातल्या मुली आम्हाला दोरीवरून गाय-बछिया म्हणायला लागल्या होत्या. मी येताना दिसले की हंबरायच्या. एके दिवशी सुटीत त्या पिट्ठू, म्हणजे आपली लगोरी, खेळत होत्या, एक गडी कमी होता, त्यांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. कुसुम दोरी धरून माझ्याकडे पाठ करून रेघेवर चालत होती. मी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातलं टोक लिंबाच्या खोडाला बांधलं आणि पळाले. ती बघत नव्हती ना.

दोरी ताणली की कुसुम मागे वळायची, तसा सराव होता. ती वळली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला झाड होतं. तिने दोरी ओढून पाहिली, झाडाने धरलेली होती. मी मैदानाच्या कडेवरून हे सगळं बघत होते, हातात ठिकऱ्या. ती ओरडली नाही. दोरी खाली ठेवून तिथेच बसली आणि शाळेच्या फाटकाकडे बघायला लागली.

बहनजींनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमने भी वही किया." त्यानंतर कुसुमने दोरीला हात लावला नाही आणि माझ्या हातालाही नाही. आता ती आईच्या पदरात गेली, शाळेतच येईना. संक्रांत तीन आठवड्यांवर. मी रोज शाळेत मोकळ्या हाताने जात होते, ज्याची मला केव्हापासून हौस होती, आणि मला पिट्ठू खेळवत नव्हता.

बहनजी घरी आल्या. त्यांनी आईला विचारलं, तुमच्याकडे मुली काय खेळतात? आईने फुगडी सांगितली, मग सांगून कळेना म्हणून अंगणात बहनजींचे हात धरून घालूनच दाखवली. कॅनव्हासचे बूट आणि आईची जोडवी, चुन्याच्या धुरळ्यात गरगर. कुसुम दाराआडून पाहत होती. बहनजी धापा टाकत म्हणाल्या, "अरे, यह तो वही चीज़ है." फुगडीत हात धरलेले असतात, पण अंग मागे टाकावं लागतं. जिचे हात धरले तिच्यापासून जितकं लांब झुकाल तितकी फुगडी रंगते. चिकटलात तर फिरताच येत नाही. बहनजींनी कुसुमला विचारलं, "और बीच में कोई बिना बताए छोड़ दे तो?"

"दोनों गिरेंगे," कुसुम म्हणाली. भोपाळातलं हे तिचं पहिलं हिंदी वाक्य.

आधी ती आईशी फुगडी खेळली, मग बहनजींशी. माझ्याशी आठव्या दिवशी. हात दिले, पण डोळे माझ्यावर रोखलेले, अंग ताठ. मी म्हटलं, "कुशे, मी सांगितल्याशिवाय सोडणार नाही." ती फिरता फिरता हळूहळू मागे झुकली, आणखी झुकली, तिच्या वेण्या उडायला लागल्या. मग मला धाप लागली आणि मी म्हटलं, "सोडते हं." दोघी थांबलो. तिने मान हलवली.

शाळेच्या वाटेवर एक नाला होता, ओलांडायला पाच काळे दगड. संक्रांतीच्या आदल्या सकाळी आम्ही तिथे पोचलो, तिचा हात माझ्या हातात. पहिल्या दगडाशी ती थांबली आणि म्हणाली, "ताई, सोडते हं." आणि सोडला. पाचही दगडांवरून गेली, मागे न बघता शाळेत गेली, पहिलीच्या वर्गात जाऊन बसली. मला आनंद व्हायला हवा होता. मी नाल्याकाठी उभी राहून हाताकडे बघत होते आणि मला तिचा राग आला होता.

मेच्या सुटीत अमरावतीला गेलो. गोदाआत्या दारातच उभी होती, हात पसरून. कुसुमने तिला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आत्या, पाणी मिळालं का?" आत्याने पुढे मरेपर्यंत आमच्यापैकी प्रत्येकाचा निरोप घेतल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही.

कुसुम पुढे शिकली, इंदूरला बँकेत लागली, एकटी राहिली, एकटी हिंडली. आमचा दर रविवारी फोन असायचा. लोक "ठेवते" म्हणतात, ती म्हणायची, "ताई, सोडते हं." इतकी वर्षं, एकदाही न चुकता. श्रावणातल्या त्या रविवारी आम्ही पुरणपोळीच्या डाळीवरून भांडत होतो. मध्येच ती म्हणाली, "दार वाजतंय गं. आलेच हं." फोन तिने ओट्यावर ठेवला, त्याचा आवाज आला. मग भांडं पडल्याचा. मला वाटलं, मांजर असेल. तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, नऊ झाल्या, कोणी गॅस बंद करेना. मी फोन कानाला धरून बसले होते. बऱ्याच वेळाने शेजारीण बोलली.

काल ओवीला पुन्हा घेऊन गेले. ती फळीवर चढली, तिची पाठ माझ्याकडे. शिवानीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उठले, फळीपाशी गेले, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ओवी, मी आता बाहेर जाते आहे. जिन्यात बसते. तास संपला की येते. तुझा हात सोडते हं." तिने भोकाड पसरलं. सगळा हॉल दणाणला. शिवानी घाबरली, मी म्हटलं, रडू दे. जिन्यात बसून मी ते ऐकलं, सगळं, एकही हुंदका न चुकवता. मग ते थांबलं, आणि फळीवर पाय आपटल्याचे आवाज यायला लागले. शिवानी दारात येऊन सांगून गेली, एकदा पण दाराकडे बघितलं नाही तिने.

मी जिन्यातच बसून होते, फोन हातात धरून. कुसुमचा नंबर अजून त्यात आहे. आलेच म्हणालीस, कुशे. तू, आणि आलेच. ही चेष्टा हिंदीतली नाही.